मयताने घेतलेला फोन

१

"पैसे तर केव्हाच दिलेत, मिसेस प्रोबर्ट," फोनमधली मुलगी म्हणाली. "तीन वर्षं झाली."

ऑल्वेनच्या हातातली चहाची किटली तशीच हवेत राहिली. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला होता, कारण ऑल्वेनला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि उजव्या कानावर तिचा विश्वास नाही. बँकेशी बोलताना साक्षीला कोणीतरी हवं म्हणून तिने मला बोलावून घेतलं होतं. मी कोळशाच्या खाणींच्या या खोऱ्यात तीस वर्षं घरोघरी जाणारी नर्स होते. निवृत्त झाले तरी कुम हेलिगमधल्या लोकांना काही दुखलं-खुपलं की मीच आठवते, मग ते दुखणं बँकेचं का असेना.

"कोणाला दिले?" ऑल्वेनने विचारलं.

"तुमच्या यजमानांना. मिस्टर इद्वल प्रोबर्ट. त्यांनीच दावा लावला होता. सहा हजार पौंडांच्या वर होते. त्यांच्या नावच्या खात्यात गेले आणि त्यांनी ते काढलेही."

"इद्वलने? अगं, इद्वलला विमा होता हे मलाच गेल्या महिन्यात कळलं!"

गोष्ट अशी होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी इद्वलने घराचं छप्पर करायला कर्ज काढलं. त्या कर्जाच्या गळ्यात बँकेने एक विमा बांधला: आजारी पडलात तर हप्ते विमा भरेल. पण इद्वलच्या फुफ्फुसांत कोळशाची धूळ आधीपासूनच बसलेली. जुन्या आजाराला तो विमा लागूच नव्हता. म्हणजे माणूस बुडणार हे दिसत असताना त्याला कागदाची नाव विकली. असे विमे देशभर लाखोंना विकले गेले, आणि आता सरकारने बँकांना पैसे परत द्यायला लावले होते. या उन्हाळ्याअखेर दावा लावायची मुदत संपत होती.

"दावा खरा की खोटा हे तुम्ही पाहिलं नाही?" मी मध्येच बोलले.

"पाहिलं ना. आमच्या माणसाने आधी वेळ ठरवून त्यांच्या घरच्या फोनवर खात्री केली. मिस्टर प्रोबर्ट स्वतः बोलले. आवाज फार खोल गेलेला होता, कुजबुजल्यासारखा, मध्ये खोकला. आजारी वाटले म्हणून जास्त प्रश्न विचारले नाहीत, असं इथे नोंदलंय. अकरा मे, दुपारी बारा."

ऑल्वेनने किटली खाली ठेवली.

"अकरा मेला दुपारी बारा वाजता," ती सावकाश म्हणाली, "माझा नवरा पेटीत होता, बाळा. झाकण लावताना मी समोर उभी होते."

२

दुसऱ्याच दिवशी कार्डिफहून फोन आला, आणि तो या चोरीपेक्षा वाईट होता.

इद्वलच्या आजारपणात ऑल्वेनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला, तेव्हा तिने कायदेशीर तडजोडीचा करार केला होता. पाच वर्षं, दर महिन्याला झेपेल तेवढा हप्ता, मग उरलेलं कर्ज माफ आणि घर तिचं. अट एवढीच, की मध्ये कुठून पैसा आला तर लपवायचा नाही. असे करार जाहीर नोंदीत जातात. खोऱ्यातल्या बायकांनी ती नोंद पाहिली, एकमेकींना दाखवली, आणि मग दुकानात ऑल्वेनच्या टोपलीत काय काय आहे ते बघायची त्यांना सवय लागली. ऑल्वेनने पाच वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. या वसंतात करार पुरा झाल्याचं प्रमाणपत्र आलं.

आणि आता तिनेच प्रामाणिकपणे कार्डिफला कळवलं होतं, की विम्याचे पैसे असे असे गेलेत. करारावर देखरेख करणारे मिस्टर लॅटिमर म्हणाले, "कराराच्या काळात तुमच्या घरात पैसे आले, तुमच्या घरच्या फोनवर खात्री झाली, आणि तुम्हाला माहीत नव्हतं? महिनाअखेरपर्यंत मला पटेल असं काहीतरी आणा. नाहीतर प्रमाणपत्र मागे घ्यावं लागेल. मग घराचं मी काही सांगू शकत नाही."

ऑल्वेन रडली नाही. तिने भांडी घासायला घेतली, आधीच घासलेली.

मी तिथून थेट रेव्हरंड गेथिन यांच्याकडे गेले. मी त्यांना बुवाच म्हणते, आमच्याकडे कीर्तनकारांना म्हणतात तसं. रविवारी सकाळी घरची पूजा आटपून मी त्यांच्या चॅपेलला जाते, लोकांना त्याची गंमत वाटते. पण गेथिनबुवांचं प्रवचन ऐकलंत तर तुम्हीही जाल. सुरुवातीला ते शेजारच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात. मग कुठेतरी आवाज एका सुराला टेकतो, वाक्यं चालीवर चढायला लागतात, आणि शेवटी सगळं प्रवचन गाणं होतं. देव कोणत्या नावाने हाक मारल्यावर येतो हा वाद मी कधी घातला नाही. त्या सुरावर तो येतो, एवढं मला ठाऊक आहे.

आता त्यांची ऐंशी उलटली आहे. गाडी चालवत नाहीत. कान मात्र शाबूत आहेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "इद्वल घरी पडून होता तेव्हा कागदांवर त्याची सही कोण घेऊ शकत होतं?"

"पुढे केलेल्या कशावरही तो सही करायचा, बुवा. जवळ येणारे तिघेच. त्याचा भाऊ ट्रेवर. ऑल्वेनची धाकटी बहीण नेस्टा. आणि हेविन बोवन."

हेविन म्हणजे चॅपेलचे खजिनदार. पूर्वी बँकेत होते. ऑल्वेनचे कराराचे कागद त्यांनीच भरून दिले होते.

"ऑल्वेनला माहीत नसलेल्या त्या खात्याचं कार्डही त्या तिघांपैकीच एकाच्या खिशात असणार," बुवा म्हणाले. "आणि इद्वल अचानक गेला. फोनची वेळ आधी ठरलेली होती. बँक जुन्याच नंबरवर फोन करणार. तो घ्यायला चोराला त्या घरात, त्या वेळी असणं भाग होतं. मेल्याचं कळवलं असतं तर पैसे ऑल्वेनला गेले असते." ते थांबले. "पण त्या दिवशी घरात पुरुष कुठे होता?"

खरंच नव्हता. इद्वलने जुन्या रिवाजाची अंत्ययात्रा मागून घेतली होती. पुरुषांनी पेटीमागून डोंगरावर जायचं, बायकांनी घरी राहून मंडळींसाठी खाणं मांडायचं. मी स्वतः मागच्या स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होते. फोन पुढच्या खोलीत, जिथून नुकतीच पेटी उचलली होती. पुरुष परत येईपर्यंत त्या खोलीत कोणी पाऊल टाकत नाही.

आणि तेव्हा मला आठवलं.

"बुवा, फोन वाजला होता. अर्धीच घंटी. ऑल्वेन उठणार तोच बंद झाला. आम्हाला वाटलं, चुकून लागला असेल."

"तेव्हा स्वयंपाकघरात कोण नव्हतं?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं.

"नेस्टा," मी म्हटलं.

नेस्टाचा आवाज सिगारेटींनी इतका खोल गेलाय, की फोनवर लोक तिला 'साहेब' म्हणतात.

३

"आधी ट्रेवर," बुवा म्हणाले. "बहिणीवर बोट ठेवायच्या आधी भाऊ बघू."

ट्रेवर प्रोबर्ट कबुतरं पाळतो, शर्यतीची. घोड्यांवर पैसे लावतो. बायको सोडून गेली तेव्हा कबुतरं तेवढी मागे ठेवून गेली, असं तोच सांगतो. आम्ही गेलो तेव्हा तो खुराड्यात हात घालून उभा होता.

"या पाद्रीबुवा! माझं पाप धुवायला एवढ्या चढावर आलात? नर्सबाई, यांचं ब्लडप्रेशर बघितलंत का?"

"इद्वलकडून तू सही घेतली होतीस, ट्रेवर?" बुवांनी आडवळण घेतलं नाही.

त्याचा चेहरा बंद झाला. "घेतली. ही जागा त्याच्या नावावर होती, माझ्या नावावर करून घेतली. वहिनीला माहीत आहे. का?"

मी विम्याचं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याच्या हातातलं कबूतर फडफडायला लागलं, इतकी त्याची मूठ आवळली होती.

"विमा होता? म्हणजे धापा टाकत तो हप्ते भरत होता, आणि विमा होता?" त्याने शिवी घातली, मग बुवांकडे बघून आणखी एक घातली. "आणि मला विचारायला आलात. अर्थात. प्रोबर्टांच्या घरात काही गेलं की ट्रेवर."

"त्या दिवशी तू डोंगरावर होतास?"

"मी दोर धरला होता! माझ्या हातांनी सोडला त्याला खाली. आणि तुम्ही, पाद्रीबुवा, तुम्ही काय केलंत? गाण्याचा शेवट एकदाच! या खोऱ्यात भिकाऱ्याला पुरतानासुद्धा शेवटच्या ओळी दोनदा उचलतात. माझ्या भावाला एकदाच. कर्जबाजारी होता म्हणून काटकसर केलीत का? तीन वर्षं मी तुमच्या चॅपेलची पायरी चढलो नाही, ते त्याचसाठी."

"तू त्याआधीही चढत नव्हतास," मी म्हटलं.

"आता कारण आहे," ट्रेवर म्हणाला.

बुवा वळून गाडीत जाऊन बसले. परतताना त्यांची बोटं गुडघ्यावर कसला तरी ताल मोजत होती. त्यांच्याकडे बघताना मला क्षणभर भलताच विचार आला. इद्वलच्या उशाशी हेही बसायचे की. संशय एकदा घरात शिरला की तो कोणाचीही खुर्ची ओढून घेतो.

४

हेविन बोवन यांचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला. दाराची मूठ अशी चकचकीत, की हात लावायला संकोच वाटावा. ग्लेनिसने, त्यांच्या बायकोने, मनुका घातलेला पाव कापून आणला, लोणी जाड लावलेलं.

"बिचारी ऑल्वेन," हेविन म्हणाले. "पाच वर्षं दर महिन्याला मी तिला आठवण करायचो. हप्ता गेला ना, ऑल्वेन? जमलं ना? आणि आता काठाला लागल्यावर हे."

"तू बँकेत होतास. तुला काय वाटतं?" बुवांनी विचारलं.

"आतलं कोणीतरी. बाहेरच्याला फोनची वेळ कशी कळणार?" त्यांनी कप बशीत ठेवला, आवाज न करता. "मी नाव घेणार नाही. पण आवाज खोल होता म्हणता. घरात बायकाच होत्या म्हणता. शिवाय मुदत संपतेय हे ऑल्वेनला सांगितलं कोणी? नेस्टानेच ना? तिला कसं ठाऊक?"

हा काटा माझ्याही मनात टोचत होता.

"इद्वलला कर्ज दिलं तेव्हा त्या शाखेत तूच होतास का रे?"

"आम्ही सहाजण होतो, मिस्टर गेथिन. कोणी कोणाला काय विकलं, आता कुठे आठवतं?"

"आणि त्या दिवशी डोंगरावर..."

"मी नव्हतो असं कसं होईल?" हेविन दुखावल्यासारखे हसले. "चॅपेलच्या गाण्यात वरची पट्टी चाळीस वर्षं मी धरतोय. त्या दिवशी शेवट दुसऱ्यांदा उचलला तेव्हा माझा गळाच भरून आला. इद्वल माझ्या वर्गातला होता."

ग्लेनिसने माझ्या ताटलीत आणखी एक काप ठेवला. "घ्या सिस्टर, हे मेलं कोण खाणार? ह्यांना हल्ली रात्री झोप नाही की भूक नाही."

"वय झालं," हेविन म्हणाले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बुवा, सगळं नेस्टाकडेच जातंय."

"हो," बुवा म्हणाले. "फारच सरळ जातंय. मला तिच्याकडे ने."

५

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. नेस्टाचं नाव कोणीतरी ऑल्वेनपर्यंत आधीच पोचवलं होतं. नेस्टा आपल्या घरी नव्हती; ऑल्वेनच्या दारातूनच दोघी बहिणींचे आवाज ऐकू येत होते.

"तुला कसं कळलं मुदतीचं? सांग ना!"

"केस कापायला गेले तिथे कळलं! रेडिओवर चोवीस तास तेच चालू असतं! ताई, तू मला चोर म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. मी विचारतेय."

"तू लहानपणापासून असंच विचारतेस! बरणीतली गोळी गेली तरी असंच विचारायचीस!"

"आणि गोळी तूच खाल्लेली असायचीस!"

नेस्टा आम्हाला बघून गर्रकन वळली. रडून तिचे डोळे सुजले होते, आणि आवाज तर विहिरीतून यावा तसा. "या. आणखी दोघं आले. मिस्टर गेथिन, मी फोनवर पुरुषासारखी वाटते ना? लावा मला फाशी."

"तू त्या दिवशी बारा वाजता कुठे होतीस, एवढं सांग पोरी."

ती साठीची आहे, पण बुवांनी पोरी म्हटल्यावर तिचा राग थोडा ओसरला.

"वर. ताईच्या खोलीत. खिडकी उघडून सिगारेट ओढत होते. इद्वलसमोर कधी ओढली नाही, त्याच्या छातीसाठी. तो गेल्यावर पहिली तीच." तिने नाक पुसलं. "खिडकीतून डोंगर दिसतो. वारा इकडचा होता. तुमचं गाणं सगळं ऐकू येत होतं. शेवटच्या ओळी दुसऱ्यांदा येतील म्हणून मी डोळे मिटून थांबले. आल्याच नाहीत. सिगारेटने बोट भाजलं. मग वाटलं, वारा फिरला असेल."

"हे कोणाला सांगितलंस?"

"काय सांगायचं? माझं बोट भाजलं म्हणून?"

"ट्रेवर तुझ्याशी यावर कधी बोलला?"

"ट्रेवर आणि मी? चौदा वर्षं तोंड बघितलेलं नाही. त्याच्या कबुतराने माझ्या वाळत घातलेल्या चादरी..."

"बरं, बरं." बुवा खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. चोर सापडल्याचा आनंद नव्हता तो. "ऑल्वेन, उद्या संध्याकाळी चॅपेलच्या मागच्या खोलीत ये. नेस्टाला घेऊन. ट्रेवरला सिस्टर आणेल. हेविनला मी सांगतो."

"कोण ते कळलं तुम्हाला?" ऑल्वेनने विचारलं.

"कळलं. आणि मला त्याचं फार वाईट वाटतंय."

त्यांनी ते नेस्टाकडे बघत म्हटलं. ऑल्वेन भिंतीला टेकली.

६

मागच्या खोलीत ओलसर वास असतो आणि खुर्च्या कुरकुरतात. ट्रेवर दाराजवळ उभा राहिला, पायरी चढायची नव्हती म्हणून मागच्या दाराने आलेला. नेस्टा आणि ऑल्वेन यांच्यामध्ये एक रिकामी खुर्ची होती. हेविनने सगळ्यांसाठी दिवा लावला, पडदा ओढला, खजिनदाराची सवय.

बुवा उभे राहिले. साधं बोलायला सुरुवात केली, प्रवचनाच्या आधी करतात तशी.

"आपण सगळे एकाच गोष्टीने फसलो. पुरुष सगळे डोंगरावर, बायका सगळ्या घरात. म्हणून खोल आवाजाची बाई शोधत बसलो. पण फोनवर तो माणूस बोलला नव्हता, कुजबुजला होता. कुजबुजीला पट्टी नसते. खर्ज गाणारा कुजबुजला काय आणि तार सप्तकात गाणारा कुजबुजला काय, ऐकणाऱ्याला सारखंच. तेव्हा नेस्टाचा आवाज विसरा. आणि यात्रेच्या दिवशी पुढचं दार उघडंच असतं. पुढच्या खोलीत कोणी जात नाही. पेटी निघाल्यावर मागे फिरून कोणीही आत शिरला असता, तर पुरुष म्हणाले असते तो घरी गेला, आणि बायकांना तो दिसलाच नसता. अर्धी यात्रा एकाने बघायची, अर्धी दुसऱ्याने. दोन्ही अर्धी कोणी जोडली नाहीत."

"नाव सांगा," ट्रेवर म्हणाला.

"तू सांगितलंस, ट्रेवर. तू म्हणालास, शेवट एकदाच झाला. तीन वर्षं त्यासाठी मला शिव्या देतोस. खरं आहे, एकदाच झाला. गाणं मी चालवत होतो, मीच हात मिटून ते थांबवलं. नेस्टा घरातून ऐकत होती, तीही म्हणते दुसऱ्यांदा आलाच नाही. कोणी तिला सांगितलेलं नाही. म्हणजे बारा वाजता ती खरोखरच खिडकीत होती, खाली फोनपाशी नव्हती."

ऑल्वेनने बहिणीकडे बघितलं. नेस्टाने बघितलं नाही.

"एकच माणूस म्हणाला, शेवट दुसऱ्यांदा उचलला तेव्हा माझा गळा भरून आला." बुवांचा आवाज आता किंचित एका सुराला लागला होता, त्यांच्याही नकळत. "या खोऱ्यात जन्मलेला कोणीही असंच सांगेल. कारण शेवट दोनदाच असतो. नेहमीच असतो. जो तिथे होता त्याने जे झालं ते सांगितलं. जो नव्हता, त्याने जे नेहमी होतं ते सांगितलं."

हेविन हसले. "तीन वर्षं झाली, मिस्टर गेथिन. विसरलो असेन."

"मी एकदाच का केला ते विचार ना."

बुवा हेविनकडे वळले.

"वरची पट्टी नव्हती, हेविन. घराच्या फाटकापर्यंत तू माझ्या पुढ्यात होतास. गाणं सुरू झालं आणि छप्पर नसलेल्या घरासारखं उभं राहिलं. दुसऱ्यांदा उचललं असतं तर कोसळलं असतं, इद्वलच्या पेटीवर. म्हणून हात मिटला. मला वाटलं, तू मागे कुठेतरी झाडाआड रडत असशील. त्या रात्री मी तुझ्यासाठी प्रार्थना केली रे. तुझ्यासाठी, इद्वलच्या आधी."

हेविन पुन्हा पडदा सारखा करायला लागले.

"आणि आणखी एक. चोराला विमा आहे हे ठाऊक हवं. ऑल्वेनला नव्हतं. ट्रेवरला नव्हतं, कबूतर मरता मरता वाचलं. नेस्टाने फक्त मुदत ऐकली. इद्वलच्या कर्जाला विमा आहे हे कोणाला ठाऊक असेल? ज्याने तो विकला त्याला."

"त्याने मला खोकला आहे असं सांगितलं होतं," हेविन एकदम म्हणाले. आवाज कुजबुजीचाच होता. "मी लिहिलं, तब्येत चांगली. वरून सांगणं होतं, प्रत्येक कर्जाला एक विमा. सहाजणांत कोणी सरळ नव्हतं. मी एकटा नव्हतो."

ट्रेवर पुढे झाला. मी मध्ये उभी राहिले. तीस वर्षं अंगापिंडाने मोठ्या माणसांना गादीवर वळवलंय, ट्रेवर काय चीज.

"मी दावा त्याच्यासाठीच लावला होता," हेविन बोलतच राहिले. "देवाशपथ. त्याच्याच नावाचं खातं. लोकांनी चौकशी केली असती तर विम्याच्या कागदावर माझी सही निघाली असती, म्हणून मीच गुपचूप करून देणार होतो. मग तो फोनच्या आधी गेला. आणि... माझी चार क्रेडिट कार्डं थकली होती. ग्लेनिसला ठाऊक नाही. अजून नाही. दोन फेडली त्यातून. त्यांवर पुन्हा तेवढंच कर्ज चढत आलंय."

"मग करार करायचा होता," नेस्टा म्हणाली. "ताईने केला तसा."

"नाव जाहीर झालं असतं!" हेविन ओरडले. "या खोऱ्यात! खजिनदाराचं! बघत होतो ना मी, हिच्याकडे कसे बघायचे लोक!"

ऑल्वेन उठली. मला वाटलं, ही त्याच्या तोंडात मारेल, आणि मी मध्ये पडणार नव्हते.

"दर महिन्याला विचारायचास," ती म्हणाली. "जमलं ना, ऑल्वेन? मला वाटायचं, एक माणूस तरी आहे."

मग ती त्या रिकाम्या खुर्चीवर सरकली, नेस्टाच्या शेजारी.

७

कार्डिफला आम्ही चौघं गेलो: ऑल्वेन, हेविन, मी आणि गेथिनबुवा. आदल्या संध्याकाळी हेविनने ग्लेनिसला सांगितलं होतं. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, पण शर्ट इस्त्रीचा नव्हता.

मिस्टर लॅटिमर अपेक्षेपेक्षा तरुण निघाले, केस तेवढे कानाशी पिकलेले. हेविनने सगळं सांगितलं. मध्ये दोनदा थांबला. बुवा मध्ये बोलले नाहीत, फक्त खोलीत होते. लॅटिमर लिहून घेत गेले, मग फोन केला, मग आणखी एक.

"तुमचं प्रमाणपत्र राहील, मिसेस प्रोबर्ट," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही काही लपवलेलं नाही. घर तुमचंच आहे. विम्याचे पैसे मात्र कराराच्या काळातले, ते वसूल झाले की आधी तुमच्या जुन्या देण्यात जातील. तुमच्या हाती फारसं पडणार नाही."

"मला हिशोब कळतो," ऑल्वेन म्हणाली. तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं, तीन आठवडे मी ते तिथे बघत होते.

"पोलिसांत द्यायचं की नाही ते बँक ठरवेल. तुमचं म्हणणं विचारतील."

"हा तुरुंगात गेला तर पैसे कोण भरणार?"

"बहुतेक कोणीच नाही."

ऑल्वेनने थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. खाली बस वळत होती. हेविनची बोटं टोपीची कड फिरवत होती, गोल, पुन्हा गोल.

"मिस्टर बोवन," लॅटिमर म्हणाले, "ही रक्कम वेगळी फेडावी लागेल, ती माफ होत नाही. पण कार्डांची जी कर्जं सांगितलीत, त्यांच्यासाठी असाच करार होऊ शकतो. पाच वर्षं. घर वाचेल. नाव अर्थातच जाहीर नोंदीत जाईल."

हेविन बुवांकडे बघायला लागला, पण बुवा ऑल्वेनकडे बघत होते.

"अर्ज द्या इकडे," ऑल्वेन म्हणाली आणि पर्समधून चष्मा काढला. "खुर्ची जवळ घे, हेविन. आधी खर्चाचा रकाना भरायचा, आणि त्यात खोटं लिहायचं नाही, तुला सवय आहे म्हणून सांगते. पहिलं वर्ष जड जातं. नंतर लोक बघायचे थांबतात."